थरथर

चाळीस वर्षं मी मोटारींची थरथर काढली.
उद्यमनगरात विचारा, शिकलगार रिवाइंडिंग,
ओतकामाच्या भट्टीमागं तिसरं शटर.
पाणी खेचणारी, पीठ दळणारी, कुठलीही आणा.
चालू करायची, वर रुपयाचं नाणं
कडेवर उभं करायचं.
नाणं उभं राहिलं की पैसे घ्यायचे.

थरथर म्हणजे कुठंतरी चूक.
बेअरिंग घासलंय, शाफ्ट वाकलाय,
नाहीतर कोणीतरी नट आवळायचा विसरलाय.
उस्ताद म्हणायचे, मशीन कशी पाहिजे?
बसलेल्या म्हशीसारखी. श्वास तेवढा कळावा.

आणि ही पोरगी येते, शर्वरी मगदूम,
पाठीला सॅक, चपलांना चिखल,
म्हणते, चाचा, मला थरथरणारं कायतरी करून पाहिजे.

कागद पसरला. दोन खुंट्या,
मध्ये ताणलेली फीत, बोटभर रुंद,
एका टोकाजवळ चुंबक, पेपरमिंटच्या गोळीएवढं,
त्याच्या दोन्ही अंगांना वेटोळी.
वारा लागला की फीत फडफडणार,
चुंबक वर-खाली, वर-खाली,
आणि तारेत वीज.
पाती?
नाहीत.
गिअर, बेअरिंग?
नाही.
मग बिघडायचं काय यात?
ती हसली. तेच तर, चाचा.

अडीच हजार वेढे. बेचाळीस नंबरची तार,
केसाहून बारीक, जोरात बोललं तरी तुटेल अशी.
पूर्वी एका बैठकीत गुंडाळली असती.
आता उजवा हात माझं ऐकत नाही.
डॉक्टरांनी नाव सांगितलंय, मोठं आहे,
घरात आम्ही नुसतं 'ते' म्हणतो.
चहा अर्धा कप घेतो. बशी घेत नाही.
तेव्हा तार तिनं गुंडाळली, वेढे मी मोजले.
सतराशे एकोणीसला तुटली.
मी शिवी दिली. तिनंही दिली.
मग जरा बरं वाटलं.

दुसरं वेटोळं झालं, वार्निश वाळलं,
काट्याचा जुना मीटर जोडून बसलो.
चुंबक शेजारीच पडलेलं. काटा मेलेला.
"नुसतं जवळ असून भागत नाही, चाचा.
हलावं लागतं त्याला."
हे मला सांगते!

चुंबक उचलायला हात पुढं केला,
कुठला, ते ध्यानात राहिलं नाही.
काटा जागा झाला.
शून्याच्या अलीकडं, पलीकडं, अलीकडं,
चार वर्षं मी जे खिशात लपवतोय
ते काचेमागं सगळ्यांसमोर.
तिनं वही उघडली होती.
थांबली. पेन मिटलं.
भट्टीवाल्यांचा भोंगा झाला तरी कोणी बोललं नाही.
"लिही की," म्हटलं. "आकडाच हाय तो."

ऑगस्टात शिवाजी पुलावर गेलो.
नदी पात्र सोडायला चार फूट बाकी.
कठड्याला फीत बांधली, चिखलीकडून वारा आला,
फीत आधी चाचपडली, मग घुमायला लागली,
बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी.
दिवा लागला. मोहरीएवढा.
एवढ्यात तर देव पण दिसायचा नाही, मी म्हणालो.
"बघायला नाही, चाचा. साठवत साठवत
तासाला एक निरोप, पाणी किती चढलं.
मामाचं घर चिखलीत आहे."
पुढं तिनं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुधाचा टँकर गेला. पायाखाली पूल हलला.
सवयीनं तळवा दगडावर ठेवला,
नट कुठं ढिला, ते शोधत.
मग नाणं काढलं, कठड्यावर उभं करू गेलो.
हात असा, पूल तसा.
नाणं गडगडत पंचगंगेत.

मागनं सायकलवाला उतरला, पाण्याला हात जोडले,
म्हणाला, काय मागितलंसा, चाचा?

वारा पडला होता. दिवा विझलेला.
वाराच, म्हटलं. थोडा.